वाडीत सोलर मायक्रोग्रीड लावायचा, तर कायदा नेमका कुठे आडवा येतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर लगेच सांगता येईल. अकोले तालुक्यात डोंगरउतारावर ३४ घरांची वाडी आहे. मूळ गावात महावितरणची वीज आहे, पण ते साडेतीन किलोमीटर लांब आणि मधला बराच पट्टा वनखात्याचा. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, १५ किलोवॅटचा सोलर प्लांट, बॅटऱ्या आणि घरोघर तार, म्हणजेच वाडीपुरता मायक्रोग्रीड मिळण्याची शक्यता आहे. महावितरणच्या उपविभागातल्या साहेबांनी सांगितलं, "खाजगी माणसाला वीज विकता येत नाही, गुन्हा दाखल होईल." वाडीतले जाणते म्हणतात, "सोलर घेतलं की लाइन कायमची गेली." कुणी सुचवलं की सहकारी संस्था काढून रीतसर परवानाच घ्यावा. आणि तुम्ही विचारताय, परवाना खरंच लागतो का?

परवाना बहुधा लागत नाही. पण गेली चौदा वर्षं मी नाशिक, नंदुरबार आणि अमरावती जिल्ह्यांतल्या पाड्यांवर हेच काम करतोय, आणि माझ्या डोळ्यांसमोर जे मायक्रोग्रीड रखडले किंवा बंद पडले, त्यांतला एकही परवान्यापायी पडला नाही. कुणाची तार वनहद्दीत अडकली, कुणाच्या जागेचा करार गळ्याशी आला, आणि दोन ठिकाणी महावितरणचा खांब आल्यावर प्लांट वाऱ्यावर सुटला. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, वकील नाही. पण या फायली घेऊन तहसील ते मंत्रालय फिरलोय, त्या अनुभवावरून लिहितो.

साहेबांचं म्हणणं अगदीच चूक नाही. विद्युत कायदा, २००३ नुसार वीज तयार करायला परवाना लागत नाही. कलम ७ ने ते मोकळं केलंय. मात्र ती दुसऱ्यांच्या घरांत वाटायची असेल तर कलम १२ प्रमाणे एकतर परवाना हवा किंवा सूट हवी. साहेबांना रोजच्या कामात हा पहिला भागच भेटतो, कारण त्यांच्यासमोर येणारी प्रकरणं आकडे टाकण्याची किंवा एका मीटरवरून शेजाऱ्याला वीज विकण्याची असतात. तुमच्या कामाचं वाक्य कलम १४ च्या आठव्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या "मात्र असं की" या अपवादात आहे. राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या ग्रामीण क्षेत्रात जो वीज तयार करून वाटू इच्छितो, त्याला दोन्हींसाठी परवाना लागत नाही. त्याने फक्त कलम ५३ खालचे सुरक्षिततेचे नियम पाळायचे.

हे परंतुक मी शब्द मोजून वाचायला शिकलोय, तुम्हीही वाचा. त्यात "ग्रामीण क्षेत्र" आहे. २०१४-१५ च्या सुमाराला राज्यातल्या बऱ्याच तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती झाल्या, अकोले गावाचीही झाली. अशा गावाच्या हद्दीत कधी कधी आजूबाजूच्या वाड्याही ओढल्या जातात, आणि दिसायला रानातली असली तरी ती वाडी कागदावर ग्रामीण राहत नाही. तेव्हा तुमची वाडी आज कोणत्या ग्रामपंचायतीत आहे, याचा दाखला आणि शासनाच्या अधिसूचनेची प्रत फाइलीत सगळ्यात वर लावा.

दुसरा शब्द आहे "आणि". तयार करून आणि वाटून, दोन्ही करणारी व्यक्ती एकच आहे. सीएसआरच्या प्रकल्पात इथे हमखास घोळ होतो. पॅनल आणि बॅटऱ्या कंपनीच्या किंवा तिच्या ट्रस्टच्या मालकीच्या राहतात, खांब आणि तारा गावसमितीच्या, आणि पैसे गोळा करणारा तिसराच. उद्या कुणी तक्रार केली तर वीज तयार करणारा एक आणि वाटणारा दुसरा, मग सूट नक्की कुणाला, असा प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर मागत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच प्लांटपासून घरातल्या मीटरपर्यंत सगळं एका नावावर करा. कंपनीला स्वतःचा बोर्ड लावायचा असेल तर लावू दे, पण मालकी हस्तांतरणाचा कागद पहिल्या दिवशीच व्हायला हवा.

सहकारी संस्था काढून परवाना घेण्याची कल्पना मला समजते, कारण तुमच्याच जिल्ह्यात तिचा मोठा इतिहास आहे. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था कित्येक दशकं परवानाधारक वितरक होती. २०११ मध्ये तिच्या परवान्याची मुदत संपली आणि तो भाग महावितरणकडे गेला. परवाना घेतला की वीज नियामक आयोगापुढे दरवर्षीचे हिशेब, दरनिश्चितीच्या सुनावण्या, पुरवठ्याचे निकष, ग्राहक गाऱ्हाणे मंच असा सगळा संसार मागे येतो. ३४ घरांच्या वाडीला तो झेपणार नाही आणि त्याची गरजही नाही. कलम १३ मध्ये पंचायत, वापरकर्त्यांचा संघ, सहकारी संस्था, स्वयंसेवी संस्था यांना शासनाच्या शिफारशीने आयोग सूट देऊ शकतो, असा आणखी एक रस्ता आहे. परंतुकात बसत नसाल तेव्हाच त्याच्याकडे वळा.

आता मूळ मुद्दा. परवान्यातून सूट मिळते तेव्हा परवानाधारकाच्या जबाबदाऱ्या जातात, पण त्याचे अधिकारही जातात. महावितरण परवानाधारक आहे, म्हणून कलम ६७ खाली तिला रस्ता खोदता येतो, लाइन टाकता येते, खर्च दरातून वसूल होतो. तुमच्या समितीला यातलं काहीच नाही. तुमची तार ज्याच्या शेतावरून जाईल त्याची संमती तुम्हालाच मिळवायची. रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर परवानगी तिची, ग्रामपंचायतीचा असेल तर ग्रामपंचायतीची. डोक्यावरून जाणाऱ्या तारांना कलम ६८ खाली शासनाची पूर्वमंजुरी लागते. त्याला अपवाद आहेत, पण अपवादात बसतो हे आपण ठरवायचं नाही, विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातून लेखी घ्यायचं. साहेब म्हणतात तो गुन्ह्याचा बागुलबुवा बाजूला ठेवा आणि वेळ या तारेवर घालवा.

त्यातही वनहद्द. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींसाठी वनजमीन वळवण्याची सोपी वाट आहे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. सोयींच्या यादीत विजेच्या तारा आहेत आणि अपारंपरिक ऊर्जाही आहे. हे वाचून मी पहिल्यांदा खूश झालो होतो. मग एका वनअधिकाऱ्याने त्याच कलमातल्या दोन शब्दांवर पेन्सिलने रेघ मारून दाखवली: सोयी "शासनाने चालवलेल्या" असायला हव्यात. आमचा प्लांट एका संस्थेच्या नावावर होता. तोवर तीन खांब उभे राहिले होते. ते उपटावे लागले आणि पावसाळ्याचे चार महिने वाया गेले. त्या अधिकाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, आम्हीच कलम अर्धं वाचलं होतं.

तेव्हापासून वनजमीन मधे असली की मी मालकी ग्रामपंचायतीच्या नावाने सुचवतो आणि रोजचं काम वाडीची समिती ग्रामपंचायतीच्या वतीने बघते असा करार करतो. वरचा "आणि"चा घोळही त्याने सुटतो. तरीही डीएफओ, म्हणजे विभागाचे वनअधिकारी, काय मानतील हे जागेवर अवलंबून आहे. तुमची वाडी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर वन्यजीव कायद्याचा वेगळा टप्पा लागतो आणि वेळेचा अंदाजच बदलतो. म्हणून तार मुळात वनहद्दीत जाणारच नाही असा नकाशा आधी काढून बघा. प्लांट वाडीतच, घरांच्या मधोमध, गावठाणात बसवला तर साडेतीन किलोमीटरचा प्रश्नच उरत नाही. मायक्रोग्रीडचा हाच तर फायदा आहे. मी पाहिलेल्या निम्म्या भानगडी प्लांट "सोयीच्या सपाट जागेवर" दूर नेल्यामुळे झाल्यात.

जागेचंही तसंच आहे. कंपनीचे वकील बहुतेक एखाद्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर पंचवीस वर्षांचा भाडेकरार बनवून आणतील. तो शेतकरी आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ खाली बिगर-आदिवासीला भाडेपट्टा द्यायलाही परवानगी लागते, आणि ती नसेल तर कंपनीचा करार कागदापुरता उरतो. नंतर सगळ्यात वाईट अवस्था त्या शेतकऱ्याचीच होते: जमिनीवर पॅनल, हातात रद्द करार. ग्रामपंचायतीची किंवा गावठाणातली जागा मिळाली तर उत्तम. ती दीर्घ मुदतीने वापरायला द्यायची तर ग्रामपंचायतीला वरून मंजुरी घ्यावी लागते, ती ठरावाबरोबरच मागा. वाडी अनुसूचित क्षेत्रात असेल तर पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, त्याच्या २०१४ च्या राज्य नियमांप्रमाणे वाडीची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. ज्या ठरावावर वाडीतल्या माणसांच्याच सह्या आहेत, त्याला मूळ गावातून विरोध झाला तरी तो टिकतो.

सुरक्षिततेच्या भागावर तुम्ही प्रश्नात काहीच लिहिलं नाही, आणि मला काळजी त्याचीच जास्त वाटते. परवाना नसला तरी कायद्याने तुमच्यावर ठेवलेली ही जबाबदारी पूर्ण आहे. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्या आणि त्याचा चाचणी अहवाल फाइलीत ठेवा. तुमच्या वाडीत शाळेची खोली किंवा देवळाचा मांडव असेल, जिथे शंभर माणसं जमतात, तर तिथे आणि रस्त्यावर वीज वापरण्याआधी कलम ५४ प्रमाणे किमान सात दिवस अगोदर विद्युत निरीक्षक आणि जिल्हाधिकारी यांना लेखी सूचना द्यायची असते. २५० वॉट आणि १०० व्होल्टच्या वर गेलात की हे लागू होतं, म्हणजे तुम्हाला होतंच. अपघात झाला तर कलम १६१ खाली तो कळवावा लागतो. वीज फुकट दिली म्हणून यातलं काही सुटत नाही.

रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार जमिनीपासून ५.८ मीटरच्या खाली येता कामा नये. आठ मीटरचा खांब सव्वा मीटर जमिनीत गाडला की उरतात पावणेसात, त्यातून तारेचा झोळ वजा करा. बांबूवर किंवा सागाच्या वाशावर तार नेली तर हे गणित बसतच नाही. भाताची पेंढी भरलेली बैलगाडी खालून जाते आणि वर माणूस बसलेला असतो, ते डोळ्यांसमोर ठेवून उंची मोजा. अर्थिंगचंही एक सांगतो. एका पाड्यावर मी चैत्रात गेलो तर अर्थिंगच्या खड्ड्यातली माती फुटाण्यासारखी कोरडी, मोजमाप घेतलं तर अर्थिंग नसल्यातच जमा. प्लांट चालवणाऱ्या मुलीने तेव्हापासून कॅलेंडरवर दर सोमवारी खूण केली आणि होळीपासून मृगापर्यंत आठवड्याला दोन हंडे पाणी खड्ड्यात ओतायला लागली. निरीक्षक तपासायला आले तेव्हा त्यांनी ते कॅलेंडर हातात घेऊन पाहिलं. अशी नोंद असली की त्यांचा विश्वास बसतो आणि पुढची कामं सोपी होतात.

आता जाणत्यांची भीती. "सोलर घेतलं की लाइन गेली" हे कायद्याने खरं नाही. कलम ४३ प्रमाणे मागणी केल्यावर वीज देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे, आणि घरात आधी सोलर आहे म्हणून ते संपत नाही. पण ही भीती हवेतून आलेली नाही. २०१७ च्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांना २०० ते ३०० वॉटचे सोलर संच, पाच दिवे आणि एक पंखा देऊन ती घरं विद्युतीकरण झाल्याच्या आकड्यात धरली गेली. त्या संचांच्या बॅटऱ्या बसल्यावर लोक पुन्हा अंधारात गेले आणि यादीत मात्र त्यांच्या नावापुढे वीज आली असंच राहिलं. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात एक वाक्य घालाच: हा पुरवठा ग्रिडच्या जोडणीला पर्याय नाही आणि जोडणीची मागणी कायम आहे. त्या ठरावाची प्रत महावितरणच्या उपविभागाला द्या आणि पोच घ्या.

उलटा धोका जास्त मोठा आहे, म्हणजे लाइन येते तेव्हाचा. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनईत २०१४ मध्ये ग्रीनपीसच्या पुढाकाराने १०० किलोवॅटचा सोलर मायक्रोग्रीड सुरू झाला, देशभर गाजला. लवकरच तिथे सरकारी लाइन पोचली. ग्रिडची वीज अनुदानित, फ्रिज-टीव्ही चालवणारी. मायक्रोग्रीडची महाग आणि मोजून मिळणारी. लोक कुठे जाणार ते उघड होतं. मी नंदुरबार जिल्ह्यात एका पाड्यावर हेच अनुभवलं. तिसऱ्या वर्षी खांब आले, सहा महिन्यांत वर्गणी निम्म्यावर, आणि देखभालीविना बॅटऱ्या फुगल्या. आमच्या करारात या दिवसाबद्दल एक ओळही नव्हती. त्या पाड्यावरच्या बायांनी दोन वर्षं न चुकता पैसे भरले होते, त्यांच्यापुढे उभं राहताना मला काही सुचत नव्हतं.

उत्तर प्रदेशाने २०१६ मध्ये यावर स्वतंत्र धोरण आणि आयोगाची नियमावली काढली. ग्रिड आलं तर मिनीग्रीडवाल्याने, म्हणजे अशी लहान यंत्रणा चालवणाऱ्याने, काय करायचं याचे पर्याय त्यात लिहिलेत: स्वतःच्या ग्राहकांना वीज देत राहायचं, तयार वीज वितरण कंपनीला विकायची, किंवा यंत्रणा मोबदला घेऊन सोपवायची. त्याच वर्षी केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने राष्ट्रीय मिनीग्रीड धोरणाचा मसुदा काढला, तो मसुदाच राहिला. उत्तर प्रदेशाचे नियम आपल्याला लागू नाहीत. त्यामुळे तिथे जे नियमात आहे ते आपल्याला करारात लिहून घ्यावं लागतं, आणि तो करार देणगीदार कंपनी, ग्रामपंचायत आणि समिती अशा तिघांत हवा.

मी आता करारात हे लिहितो. लाइन आली तर प्लांट कुणाचा राहील. पॅनल शाळा, दवाखाना, पाण्याची योजना यांच्याकडे कोणत्या क्रमाने जातील. बॅटरी निधीत साठलेली रक्कम घरांना परत करायची की पाणीपंपाला वापरायची. आणि तारा-खांब महावितरणला देऊ केले तर किंमत कशी धरायची. शेवटच्या मुद्द्यासाठी बांधकाम तसंच असावं लागतं. साधा २३० व्होल्टचा एसी पुरवठा, आठ मीटरचे खांब, एरियल बंच केबल (वेष्टन असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारा), महावितरण वापरते तशाच वस्तू. कुणी स्वस्त पडतं म्हणून २४ किंवा ४८ व्होल्टचा डीसी मायक्रोग्रीड सुचवेल. पाच-सात घरांच्या आणि दिवे-मोबाइलपुरत्या पाड्याला तो ठीक आहे. ३४ घरांना नाही, कारण लाइन आली की त्याची तार आणि दिवे दोन्ही भंगारात जातात.

लाइन आल्यावर दोन्ही जोडता येतील का, हे तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय, पण त्याला थोडं थांबून उत्तर द्यायला हवं. कायद्याच्या व्याख्येत "स्टँड अलोन सिस्टीम" म्हणजे ग्रिडला न जोडलेली यंत्रणा. जोडलीत की तुम्ही वेगळ्या नियमांत जाता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे ग्रिडला जोडलेल्या सोलरने ग्रिड गेल्याबरोबर वीज बाहेर सोडणं थांबवायचं असतं. कारण साधं आहे: लाइनमन फ्यूज काढून खांबावर चढलाय आणि तुमच्या प्लांटची वीज उलटी तारेत आली तर तो मरतो. त्यामुळे लाइन गेल्यावरही वाडीभर प्रकाश देणारा आणि एरवी ग्रिडला जोडलेला प्लांट, ही जी सगळ्यांच्या मनातली कल्पना आहे, ती आजच्या चौकटीत तुमच्या समितीला स्वतःच्या बळावर करता येत नाही. ग्रिडची लाइन वितरण कंपनीची असल्याने तिच्याशी मिळूनच ती होऊ शकते. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली, तुम्ही तिचं नाव ऐकलं असेल. तिथे घराघराच्या छपरावर ग्रिडला जोडलेलं सोलर आहे. पीएम सूर्यघर योजनेचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदानही ग्रिडला जोडलेल्या छपरांसाठीच आहे. तुमच्या वाडीत आज लाइन नाही, म्हणून ती वाट आज तुमची नाही. लाइन आल्यावर मात्र नक्की बघा.

मधल्या काळात एखाद्या घरात दोन्ही वीज असेल तर दोन वेगळे बोर्ड ठेवा, नाहीतर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच लावा. दोन्हींचं न्यूट्रल एकत्र बांधून देणारा वायरमन वाडीत येऊ देऊ नका.

दराबद्दल थोडक्यात. केंद्राच्या २००६ च्या ग्रामीण विद्युतीकरण धोरणात परवान्याविना चालणाऱ्या अशा यंत्रणांचा दर पुरवणारा आणि घेणारे यांनी आपसात ठरवावा असं म्हटलंय. म्हणजे आयोगाकडे जायचं नाही, पण ठरलेला दर ग्रामसभेच्या इतिवृत्तात यायला हवा. फुकट वीज ठेवू नका, कंपनीने आग्रह केला तरी. हिशेब असा करून बघा: घरटी सरासरी दोनशे रुपये धरले तर महिन्याला ६,८०० आणि वर्षाला ८१,६०० जमतात. प्लांट सांभाळणाऱ्याला महिना अडीच हजार म्हणजे वर्षाचे ३०,०००, किरकोळ दुरुस्ती आणि विमा १२,०००. उरतात ३९,६००. सात वर्षांत पावणेतीन लाखांच्या वर. आता बॅटरी पुरवणाऱ्याकडून आजच बदलीचं कोटेशन घ्या आणि हा आकडा त्याच्याशेजारी ठेवा. कमी पडत असेल तर दर वाढवायचा की बॅटरी लहान करायची, हे प्लांट बसायच्या आधी लोकांसमोर मांडा.

पिठाची गिरणी जोडायची तुमची कल्पना मला आवडली. १५ किलोवॅटमधून कोरड्या दिवसांत रोज साधारण साठ युनिट निघतात, घरांची गरज त्याच्या निम्म्याच्या आसपास असेल. गिरणी दुपारी ऊन असताना चालवली तर बॅटरीवर ताण येत नाही आणि वर्गणीत भर पडते. फक्त मोटरला सॉफ्ट स्टार्टर लावा, सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडे धुकं आणि पाऊस असा असतो की गिरणी बंदच ठेवावी लागेल, ते गिरणीवाल्याशी आधी बोलून घ्या.

शेजारच्या जुन्नर तालुक्यातली दरेवाडी एकदा बघून या. २०१२ पासूनचा, सुमारे साडेनऊ किलोवॅटचा, चाळीसेक घरांचा मायक्रोग्रीड गावानेच चालवायचा, या कल्पनेवर तिथे उभा राहिला. तुमच्या वाडीतल्या दोन बायकांना आणि दोन तरुणांना बरोबर न्या. समिती कशी बसते, पैसे कोण गोळा करतं, न भरणाऱ्याचं काय करतात, हे त्या माणसांकडूनच ऐका.

साहेबांकडे परत जाल तेव्हा वाद घालायला जाऊ नका. एक पानी अर्ज करा. त्यात वाडीचं नाव आणि ग्रामपंचायत, प्लांटची क्षमता, महावितरणच्या यंत्रणेला कुठेही जोडणी नाही हे वाक्य, कलम १४ च्या आठव्या परंतुकाचा उल्लेख, आणि येत्या पाच वर्षांत वाडीला लाइन प्रस्तावित आहे का एवढा एकच प्रश्न. एका उपविभागात असाच अर्ज वाचून अभियंत्यांनी माझ्यासमोरच कायद्याचं पुस्तक मागवलं, परंतुक दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं. लेखी दिलंय ना, मी वर पाठवतो." तीन आठवड्यांनी लाइन प्रस्तावित नसल्याचं पत्र आलं, आणि देणगीदाराचे पैसे त्या पत्रावरच सुटले.

मला दोन गोष्टी कळवा. प्लांटसाठी मनात असलेल्या जागेचा गट नंबर कुणाच्या नावावर आहे, आणि सगळ्यात लांबच्या घरापर्यंत तार नेताना वनखात्याची दगडी हद्दखूण मधे येते का. नकाशावर हाताने रेघ मारून फोटो पाठवलात तरी चालेल, त्यावरून खांब कुठे घ्यायचे ते सांगतो.